छतातलं निळं झाकण

"स्टूल धरा हो. साडी काय धरताय?"

वत्सला वरून ओरडली. महिन्याचा पहिला रविवार, सकाळचे नऊ वाजलेले. वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमधल्या आमच्या फ्लॅटच्या पॅसेजमध्ये ती तीन पायऱ्यांच्या स्टुलावर उभी होती. डोकं आणि बॅटरी धरलेला हात छतातल्या चौकोनी भोकात, बाकीची बाई खाली, आणि त्या बाईच्या मागे मी. साडी मी मुद्दाम धरली होती. स्टूल पडलं तर पडू दे, ही पडायला नको.

"दिसतंय का?"

"दिसतंय."

"रेघ?"

"सरळ आहे. तुम्ही भिंतीवर ओढता तशी नाही. खरोखरची सरळ."

पन्नास वर्षं गिलावा आणि पीओपीचं काम केलेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं. मी ऐकून घेतलं. तिनं झाकण ओढून बसवलं, खाली उतरली, चष्म्यावरची धूळ पदरानं पुसली. मग चहा. चहाबरोबर मला दोन खारी, कारण तिसरी घेतली की ती बरणीच उचलून ठेवायची.

"उद्या दहाला मार्गारेटकडे," ती म्हणाली. "आणि दाढी करून चला. मागच्या वेळी फरशी घासायच्या ब्रशासारखे आला होतात."

मी बरं म्हटलं. आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम हे असं होतं. संध्याकाळी ती नव्हती.

ते पुढे येईलच. आधी ही बाई कशी होती ते सांगतो, नाहीतर छतातलं भोक काय, रेघ कसली आणि मार्गारेट कोण, कुणाला काही कळायचं नाही.

मी मुलगी बघायला हडपसरला गेलो तेव्हा सातवी नापास होतो, अजूनही आहे. बरोबर आई आणि मामा. पोहे झाले, मामानं मुलीला स्वयंपाकाचं विचारलं, शिवणाचं विचारलं. तिनं सगळ्याची उत्तरं खाली मान घालून दिली. मग मान वर केली आणि मला म्हणाली, "हात दाखवा."

तिच्या वडिलांचा चेहरा पडला. मामाच्या घशात पोहे अडकले. मी हात पुढे केले. तेव्हा मी गिलाव्यावर होतो, चुन्यानं आणि सिमेंटनं बोटं फाटलेली, एका नखाचा पत्ता नाही. तिनं पालथे बघितले, उताणे बघितले, म्हणाली, "कामाचे आहेत," आणि आत निघून गेली. ह्याला होकार म्हणतात हे मला परतीच्या एसटीत आईनं समजावून सांगितलं.

"दाखवा" हा तिचा शब्द. डॉक्टर म्हणाला रिपोर्ट चांगला आहे, ही म्हणणार दाखवा. इंग्रजीतला कागद, हिला त्यातलं ओ का ठो कळत नाही, तरी हातात घेऊन वरपासून खालपर्यंत बघणार. तीस-पस्तीस वर्षं ब्लाउज शिवले. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून पुढून-मागून बघायचं, हिचं लक्ष तिकडे नसायचंच. ती आधी ब्लाउज उलटा करायची. शिवण आतल्या बाजूनं कशी बसलीय ते बघितल्याशिवाय एक हूक लावायची नाही. दोन तुकडे जोडायच्या आधी दोन्हींवर मिळून खडूची एक रेघ मारायची. शिवल्यावर रेघ जुळली तर शिवण बरोबर. नाही जुळली तर टराटरा उसवायची, मग गिऱ्हाईक दारात उभं असो.

आम्ही दोन हजार चौदा साली इथे आलो, मुलाकडे. पहिल्यांदाच विमानात बसलो. हवाईसुंदरीनं हात हलवून सांगितलं की जीव वाचवायचं जॅकेट सीटखाली आहे. सगळ्या विमानाला ते पटलं. वत्सलानं कमरेत वाकून सीटखाली हात घातला आणि आपलं जॅकेट आहे याची खात्री केली. मग माझं बघितलं. मग पलीकडच्या गृहस्थांचं. ते गृहस्थ झोपले होते. जागे झाले तेव्हा एक अनोळखी म्हातारी त्यांच्या गुडघ्यांपाशी. पुढचे अकरा तास बिचारे डोळे सताड उघडे ठेवून बसले.

इथे शनिवारी नदीकाठी भाजीबाजार भरतो. तिथे तिनं मटारची शेंग फोडून बघितली तर भाजीवाला खेकसला. तिनं ती फोडलेली शेंग त्याच्या नाकासमोर धरली. आत अळी. महिन्याभरात असं झालं की आम्ही दिसलो की तोच एक शेंग फोडून तयार ठेवायचा आणि लांबूनच ओरडायचा, "मम्मा, लूक!"

तर अशा बाईच्या घरात न दिसणारा पाइप निघाला.

आमचा मुलगा प्रशांत इंजिनियर, सून मृणाल आयटीत. दोघं रोज ट्रेननं वेलिंग्टनला. फ्लॅट ज्या इमारतीत, तिथे पूर्वी ऑफिसं होती, मग कुणीतरी भिंती घालून फ्लॅट पाडले. स्वयंपाकघरातल्या कपाटात गॅसचा बॉयलर. नळाला गरम पाणी त्याचं, खोल्या गरम करणाऱ्या लोखंडी जाळ्यांत पाणी त्याचंच. वर्षातून एकदा गॅसवाला येऊन तपासून जायचा. त्या वर्षी नवा आला. टोनी. दारातून वाकून यावं लागेल एवढा उंच माणूस, इथल्या मूळच्या माओरी लोकांतला. "किया ओरा" म्हणाला, म्हणजे त्यांचा नमस्कार, आणि न सांगता बूट बाहेर काढले. तिथेच त्यानं वत्सलाकडून निम्मे मार्क घेतले.

त्यानं बॉयलर उघडला, बघितला, बंद केला. मग बॉयलरमधून वर जाणारा धुराचा पाइप बघायला मान वर केली. पाइप छतात शिरलेला. टोनी पॅसेजमध्ये आला, छताकडे बघत चालत गेला, भिंतीला टेकला. डोकं खाजवलं. मग बाहेर जाऊन इमारतीला वळसा घालून आला आणि मृणालला बराच वेळ काहीतरी सांगत राहिला.

"काय म्हणतोय?" वत्सलानं विचारलं.

"आई, आपल्या बॉयलरचा धूर बाहेर टाकणारा पाइप आपल्या पॅसेजच्या छतावरून जातो, तिथून शेजारच्या मार्गारेटच्या बेडरूमच्या छतावरून, आणि तिच्या भिंतीतून बाहेर पडतो. मध्ये चार-पाच ठिकाणी जोड आहेत. पण सगळं छतानं झाकलंय. बघायला कुठे झाकणच ठेवलेलं नाही. तो म्हणतो, जे मला दिसत नाही त्यावर मी सही करणार नाही."

वत्सलानं टोनीकडे असं बघितलं, जसं परमुलखात माहेरचं माणूस भेटावं. म्हणाली, "ह्याला जेवायला थांबव."

तो थांबला. भाकरी आणि पिठलं खाल्लं, "स्वीट ॲज", म्हणजे एकदम झकास, म्हणाला, आणि जाताना सांगून गेला की एखादा जोड निसटला असेल तर विषारी धूर छतात साठतो, त्याला वास नसतो, रंग नसतो. दोन्ही घरांत छताला झाकणं करून जोड बघेपर्यंत बॉयलर बंद ठेवलेला बरा.

संध्याकाळी प्रशांतनं वेगळं सांगितलं. "आई, इमारतीची कमिटी आहे. पत्र जाईल, मीटिंग होईल, मग बघतील. तोवर मी दोन्ही घरांत अलार्म बसवतो. धूर आला की ओरडतो तो."

"तो ओरडेल धूर आल्यावर," वत्सला म्हणाली. "मला यायच्या आधी बघायचंय."

तिनं बॉयलर बंद केला आणि बटणावर अस्तराच्या कापडाची पट्टी गुंडाळून गाठ मारली. अशी गाठ, की सोडवायला कात्रीच लागावी. आणि कात्री तिच्या उशाखाली.

"आई, जून आहे! इथला हिवाळा! थंडी बघ!"

"जूनच आहे. पाणी तापवून देते की."

पुढचे तीन आठवडे आमच्या घरात शेगडीवर दोन पातेली पाणी. मुलगा इंजिनियर, सून लॅपटॉपवाली, आणि दोघं काचेच्या शॉवरमध्ये बादली-तांब्यानं अंघोळ करून ट्रेन पकडायची. मृणालनं ऑफिसात सांगितलं की सासू पारंपरिक आहे. मला ह्यात काही त्रास नव्हता. मी आयुष्यभर तसाच नहात आलोय.

आता माझा मूर्खपणा सांगतो, तो लपवून उपयोग नाही.

आमच्या छताला भोक पाडायची परवानगी लगेच मिळाली. टोनी आला, पॅसेजच्या छतात दीड फुटाचा चौकोन कापला, आतले जोड बघितले. ठीक होते. चौकोनाला प्लास्टिकची चौकट आणि प्लास्टिकचं झाकण लावून गेला. मी खाली उभा राहून बघत होतो. चौकट एका कोपऱ्यात बोटभर वर, दुसऱ्यात खाली. कडा फाटलेल्या. छताच्या पांढऱ्यात त्या झाकणाचा पिवळट पांढरा. ज्या माणसानं पुण्यात शेटलोकांच्या हॉलची छतं आरशासारखी केली, पाइप, वायरी, एसीच्या नळ्या, सगळं असं झाकलं की मालकालाही शोधून सापडू नये, त्याला हे रोज डोक्यावर बघायचं. मला घास गोड लागेना.

त्या आठवड्यात वटपौर्णिमा आली. इथे वड कुठला? एका मराठी बाईंनी कुंडीत लावलेला होता, गुडघ्याएवढा. बायका वाकून वाकून त्याला दोरा गुंडाळायच्या. मृणाल आणि वत्सला तिकडे गेल्या, वत्सला कडकडीत उपाशी. घरी मी एकटा. हार्डवेअरच्या दुकानातून मी आधीच पुट्टी आणून ठेवली होती. चौकट काढली, कापलेला तुकडा पट्ट्या मारून परत बसवला, पुट्टी भरली, हिटर लावून वाळवली, घासली, रंगाचे दोन हात मारले. दुपारी तीनला छत असं झालं, की बोट फिरवलं तरी कळू नये. खाली उभं राहून मीच शोधत होतो, कुठे होतं म्हणून.

वत्सला आली. चपला काढल्या. मी म्हटलं, "शोधून दाखव."

तिनं वर बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं, आता शाबासकी.

"सात जन्म हाच नवरा मागून आले मी आत्ता," ती म्हणाली. "उपाशीपोटी. परत जाऊन वडाला सांगून येऊ का, की राहू दे?"

मग ती आत गेली आणि करवत घेऊन आली. माझ्या हातात दिली. आवाज चढवला नाही. "लोकांच्या घरात जे जे झाकलंत ते झाकलंत. त्याचे तुम्हाला पैसे मिळाले, आपण पोट भरलं. माझ्या घरात काही झाकायचं नाही."

मी माझ्या हातांनी माझं सगळ्यात सुंदर छत कापलं. तिनं स्टूल धरलं होतं. म्हणजे धरायला पाहिजे होतं. माझ्या पायात सळई आहे, परांचीवरून पडलो होतो एकदा, म्हणून ती मागून माझी पँट धरून उभी. मी म्हटलं, "स्टूल धर, पँट सोड." म्हणाली, "स्टूल विकत मिळतं."

आमचं छत झालं, पण बटणावरची गाठ सुटेना. कारण निम्मा पाइप मार्गारेटच्या डोक्यावर, आणि मार्गारेट छताला हात लावू देईना.

मार्गारेट ऐंशीची, एकटी राहणारी, थंडीतसुद्धा मोज्यांवर जँडल, म्हणजे रबरी चपला, घालून कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणणारी. गोड बाई. पण टोनीला नाही म्हणाली, कमिटीच्या पत्राला नाही म्हणाली, प्रशांत गेला तर त्याला बिस्किटं देऊन नाही म्हणाली. प्रशांत म्हणाला, "तिची मर्जी, आई. तिचं घर आहे."

"घर तिचं आहे, धूर आपला आहे," वत्सला म्हणाली. पदर खोचला, गळ्यात शिवणाची टेप टाकली आणि निघाली. मी आणि मृणाल मागे.

वत्सलाचं इंग्रजी चार शब्दांचं. शो, ओपन, गुड, नोगुड. दारातच मार्गारेटच्या खुंटीवर लोकरीचा कोट होता. वत्सलानं "शो?" विचारून तो खाली घेतला आणि बाही उलटी केली. वरून कोट नवा दिसत होता. आतून बगलेची शिवण वीतभर उसवलेली. वत्सलानं त्यातून तर्जनी बाहेर काढली आणि हलवली. मार्गारेट खळखळून हसली. वत्सलानं तेच बोट वर छताकडे केलं. मार्गारेट हसायची थांबली.

ती आम्हाला बेडरूममध्ये घेऊन गेली. छत निळं होतं. आकाशी म्हणतात ना, तसं. तिच्या नवऱ्यानं रंगवलेलं. तो आजारी होता, उभं राहवत नव्हतं, पण रोज थोडं थोडं करून त्यानं ते संपवलं, म्हणाला की तुला झोपून बघायला काहीतरी चांगलं असावं. त्याच्या हातचं ते शेवटचं काम. मृणाल हे मराठीत सांगत होती.

मी वर बघितलं. रंग काही फार चांगला दिलेला नव्हता. ब्रशाचे फराटे होते, एका कोपऱ्यात दोनदा हात फिरला होता. पण दुखणाईत माणसानं वर मान करून दिलेला रंग आहे हे मला कळलं. असल्या कामानं मान कशी भरून येते ते मला माहीत आहे.

वत्सला पलंगाच्या कडेला बसली. थोड्या वेळानं मला म्हणाली, "अहो, कापाल? रंगाचा कपचा न उडवता?"

"कापीन."

"आणि कापलेला तुकडाच झाकण करायचा. तोच रंग, त्याच जागी. दुसरं काही लावायचं नाही."

मृणालनं मार्गारेटला सांगितलं. मार्गारेटनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली काहीतरी. मृणाल हसली. "बाबा, ती म्हणतेय, तुमचे हात दाखवा."

वत्सलाचा चेहरा मी तेव्हा बघितला. पोरीसारखी लाजली होती ती, पन्नास वर्षांनी.

मी दुसऱ्या दिवशी कापलं. रंगाला आधी चिकटपट्टी, मग नवं पातं, मग कागदावर रेघ ओढावी तसं हळू. अर्धा दिवस गेला. टोनी बाहेरच्या खोलीत चार कप चहा प्यायला आणि मध्येमध्ये येऊन "नो रश, मेट" म्हणत राहिला. निळा तुकडा अखंड खाली आला. मार्गारेटनं तो ताटासारखा दोन्ही हातांत धरला.

टोनी वर चढला. बॅटरी लावली. मग खाली उतरून मोबाइलवर काढलेला फोटो दाखवला. पाइपला टांगून धरणारी पट्टी तिथे कुणी लावलीच नव्हती. पाइप स्वतःच्या वजनानं वाकलेला आणि जोड दोन बोटं उघडा. आसपासचं लाकूड ओल येऊन काळं पडलेलं. नेमकं मार्गारेटच्या उशीच्या वरती.

टोनीनं तिला विचारलं, डोकंबिकं दुखतं का. ती म्हणाली, दर हिवाळ्यात, सकाळी उठल्यावर. वयच झालं आता. मग जरा थांबून म्हणाली, पण गेले तीन आठवडे नाही दुखलं.

टोनी म्हणाला, ह्यामुळेच दुखत होतं असं मी छातीठोक सांगणार नाही, ते डॉक्टरला विचार, आजच विचार. पण बॉयलर कुणी बंद केला त्या बाईला चहा पाज.

मला वाटलं, आता वत्सला चार लोकांत ताठ मानेनं फिरेल. तसं काही नाही. ती घरी येऊन स्वयंपाकघरात पाटावर बसली. म्हणाली, "आपला धूर होता हो. आपण गरम पाण्यानं न्हायचो आणि तिचं डोकं दुखायचं."

पाइप नीट बसला, पट्ट्या लागल्या, टोनीनं सही केली. वत्सलानं कात्रीनं गाठ कापली. मृणाल त्या दिवशी पाऊण तास शॉवरमध्ये होती.

पण वत्सलाचं समाधान नव्हतं. आज बसलाय, उद्या सरकला तर कळणार कसं? तिनं खडू घेतला आणि शिवणाला मारायची तशी जोडावर रेघ मारली, अर्धी ह्या पाइपवर, अर्धी त्या. पांढऱ्या पाइपवर पांढरा खडू, दिसेना. मग आतून कुंकवाचा करंडा आणला, बोटावर तेल घेऊन कुंकू कालवलं आणि प्रत्येक जोडावर एकेक लाल रेघ ओढली. जोड एवढासा जरी सरकला तरी रेघ मोडणार. पुढच्या वर्षी टोनीनं ते बघितलं आणि स्टुलावरच हसत सुटला. मग हसू थांबवून फोटो काढला. त्याच्या पुढच्या वर्षी आला तेव्हा त्याच्या खिशाला लाल मार्कर होता. म्हणाला, आता सगळीकडे असंच करतो.

भूकंपाचे धक्के इथे येतातच. धक्का आला की इथली माणसं टेबलाखाली शिरतात. एका दुपारी जेवताना घर हललं, मी टेबलाखाली गेलो, प्रशांत गेला, आणि ही पॅसेजमधून हाक मारतेय, "अहो, या ना स्टूल धरायला!" आमची रेघ बघितली, मग मार्गारेटच्या दारावर थाप. मार्गारेट तयारच होती, हातात बॅटरी घेऊन.

तेव्हापासून ठरलं. महिन्याचा पहिला रविवार आमच्या छताचा, दुसऱ्या दिवशीचा सोमवार मार्गारेटच्या. सोमवारी वत्सला वर चढायची, मी धरायचो, मार्गारेट निळं झाकण मांडीवर घेऊन पलंगावर बसायची. वरून "गुड!" असं आलं की तिघांना चहा. त्या दोघी पुढचा तासभर बोलायच्या, ही मराठीत, ती इंग्रजीत, आणि एकमेकींचं सगळं कळल्यासारख्या माना हलवायच्या. कळतही असेल. मला दोघींचं कळायचं नाही.

तर त्या रविवारी, चहा झाल्यावर, जेवणं झाल्यावर, ती मार्गारेटच्या स्कर्टाची कड घालत खुर्चीत बसली होती. म्हणाली, "जरा पडते." सुई कापडात खोचून ठेवली, कुणाला टोचू नये म्हणून. चारला मी चहासाठी हाक मारली. रुग्णवाहिकेची माणसं लगेच आली, त्यांनी खूप केलं. मी दारात उभा होतो. तिला काहीही कधी झाकून ठेवलेलं आवडायचं नाही, आणि त्यांनी नेताना तोंडावरून चादर घेतली. मी ती बाजूला केली.

इतकी वर्षं वटपौर्णिमेचे उपास तिनं केले, लागू मला पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरात फोनच फोन. पुण्याहून, नाशिकहून. प्रशांत एका खोलीत अंत्यसंस्कारवाल्यांशी बोलतोय, मृणाल दुसऱ्या खोलीत रडतेय. पावणेदहाला मी दाढी केली. प्रशांतनं बघितलं.

"बाबा, दाढी करायची नसते आज."

"माहीत आहे."

मी स्टूल उचललं. "कुठे निघालात?"

"मार्गारेटकडे. सोमवार आहे."

"बाबा, सूतक आहे आपल्याला. कुणाच्या घरी जायचं नसतं. आणि तुमचा पाय..."

"धुराला सूतक कळत नाही," मी म्हटलं. तो बाजूला झाला. पोरगं चांगलं आहे.

मार्गारेटला आदल्या संध्याकाळीच कळलं होतं. तिनं दार उघडलं, माझ्या हातातलं स्टूल बघितलं, आणि तिच्या हातात बॅटरी होतीच.

मी निळा तुकडा काढून तिच्याकडे दिला. तिनं तो पलंगावर उशीपाशी ठेवला आणि माझ्यामागे येऊन उभी राहिली. मी पहिल्या पायरीवर पाय ठेवला. दुसऱ्या पायरीवर कळलं की मागून कुणीतरी माझी पँट घट्ट धरलीय.

"मार्गारेट, होल्ड स्टूल," मी म्हटलं. "नो पँट."

"नो," मार्गारेट म्हणाली.

मी डोकं आत घातलं. आत धूळ, लाकूड, पांढरा पाइप. जोडावर तिची रेघ. सरळ होती, मोडलेली नव्हती. फक्त फिकी झाली होती, महिन्याभरात होते तशी. ती आली असती तर तिनं ओढली असती. मी खिशातून तिचा करंडा काढला, बोटावर तेल घेतलं, कुंकू घेतलं, आणि जुन्या रेघेवरूनच नवी ओढली. जराशी वाकडी आली.

मग वरूनच म्हटलं, "गुड."